पुलाला किती?

पावसाळा अंगात आला की सांगलीत एकच प्रश्न सगळीकडं ऐकू येतो. दूध घालायला आलेला माणूस, सलूनमध्ये नंबर लावून बसलेला, बँकेच्या रांगेतला, सगळे तेच विचारतात. फोनवर तर 'हॅलो'च्याही आधी: "पुलाला किती?" पूल म्हणजे आयर्विन, १९२९ पासून कृष्णेवर उभा असलेला. किती म्हणजे किती फूट पाणी. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण खरा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा. गावभागातल्या माणसाला त्याच्या उंबऱ्याचा आकडा माहीत असतो, नदीकाठच्या प्लॉटातल्या माणसाला त्याच्या जिन्याच्या पहिल्या पायरीचा. माझ्या आत्याचा आकडा ४२. ती हरिपूरला राहते, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. पुलाला ४२ झालं की तिच्या गोठ्यात पाणी येतं, म्हणून ४० ला ती म्हशी सोडते.

मी वेबसाठी प्रोग्राम लिहितो. ब्राउझरकडून विनंती येते, फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, ती कंट्रोलर नावाच्या कोडाकडं देतं, कंट्रोलर उत्तर तयार करतो, उत्तर परत जातं. दिवसभर हेच काम. बहुतेक वेळा उत्तर म्हणजे एक अख्खं पान असतं: वरची पट्टी, मेनू, चित्रं, रंग, खालची पट्टी. फ्रेमवर्कांची घडणच त्या सवयीची आहे. कंट्रोलरनं दोन शब्द दिले तरी त्यांना टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, बसवून, लेआउटचा झगा घालून बाहेर पाठवायचं. त्या झग्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. २०१९ च्या पुरानंतर ती सुरू झाली.

त्या ऑगस्टमध्ये पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. २००५ ला जवळजवळ ५४ होतं, आणि त्याच आठवणीवर विसंबून लोकांनी सामान उचललं होतं: 'पाच साली जिथवर आलं होतं त्याच्या हातभर वर.' आत्याच्या घरी २००५ ची आठवण आणखी कडू. हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खणलेली, तोंडाशी निमुळती, आत पंधरा-वीस फूट खोल कोठारं, हळद वर्षानुवर्षं राहायची त्यात. त्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचा चिखल झाला. आत्यानं तो वास सांगितला की अजून ती नाकाला पदर लावते. त्यामुळं २०१९ ला तिला सारखा आकडा हवा होता. तासातासाला.

आणि आकडा मिळत नव्हता. म्हणजे येत होता ढिगानं, पण कसा, तर कुणीतरी पाठवलेला, दहाजणांकडून फिरून आलेला फोटो, ज्यावर तारीख आहे पण वेळ नाही. चार पानांची पीडीएफ, जी उतरायला अर्धा तास. बातम्यांची पानं, ज्यांत आकड्याआधी तीन जाहिराती. वीज गेलेली, फोनची बॅटरी अठरा टक्के, नेटवर्क एक काडी. तिला हवं होतं एवढंच: पुलाला किती, कधी मोजलं, चढतंय का उतरतंय. बोटांवर मोजता येतील इतके शब्द. ते आणण्यासाठी फोन दोन-दोन मेगाबाइटची पानं ओढत होता आणि अर्ध्यात सोडून देत होता.

ते मनात राहिलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाऊस धरून बसला तेव्हा मी आणि माझा आतेभाऊ एका रात्रीत कामाला लागलो. मी सर्व्हरवर एक छोटासा पत्ता उघडायचा, जिथं विचारलं की एका ओळीत उत्तर येईल. अधिकृत आकडा जाहीर झाला की आम्ही दोघांपैकी कुणीतरी तो हातानं भरायचा. त्याच्याकडं एक जुना अँड्रॉइड फोन होता. त्यातली स्क्रिप्ट दर तासाला माझ्या पत्त्यावरून उत्तर आणायची आणि जे येईल ते जसंच्या तसं तीस-पस्तीस घरांना एसएमएस करायची. त्यातले बरेच फोन बटणांचे. म्हणून ओळ आधी ठरवली:

आयर्विन पूल: ३६ फूट ६ इंच. सकाळी ७. पाणी वाढतंय.

ही ओळ मी मोजून बसवली होती. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'आयर्विन' आपल्या कानाला चार अक्षरं, मशीनला सात. अख्खी ओळ ४८ भरली. बावीस जागा शिल्लक. मला फार समाधान वाटलं होतं.

मग कंट्रोलर लिहिला. हाताशी स्प्रिंग या जावा भाषेतल्या फ्रेमवर्कवरचा एक जुना प्रकल्प होता, त्यातच एक मेथड, म्हणजे कोडाचा तुकडा, वाढवली आणि ती ओळ परत दिली. चालवून पाहिलं तर चूक: असं टेम्प्लेट सापडत नाही. स्प्रिंगच्या साध्या कंट्रोलरनं नुसती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, परत दिली की तो ती टेम्प्लेटचं नाव समजतो. मी पाण्याची पातळी सांगितली आणि त्यानं 'आयर्विन पूल: ३६ फूट ६ इंच' या नावाची फाईल शोधायला घेतली. मेथडवर 'रिस्पॉन्सबॉडी' असं लिहावं लागतं. ही स्ट्रिंग कशाचं नाव नाही, हेच उत्तर आहे, असं सांगणारी ती खूण. मला ते माहीत होतं, घाईत राहून गेलं. एक शब्द वाढवला. उत्तर गेलं. तासाच्या ठोक्याला आतेभावाच्या फोनवरून पस्तीस घरी संदेश पोचला, त्यातला एक माझ्याही फोनवर आला:

??????? ???: ?? ??? ? ???. ????? ?. ???? ??????.

मी त्या ओळीकडं किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. आकारावरून ओळ ओळखू येत होती. सात प्रश्नचिन्हं म्हणजे आयर्विन. तीन म्हणजे पूल. अपूर्णविराम जागेवर, पूर्णविराम जागेवर, शब्दांमधल्या फटी जागेवर. देवनागरीतलं जे जे होतं, आकड्यांसकट, ते सगळं पुसून प्रत्येक ठिकाणी एक प्रश्नचिन्ह. पस्तीस चिन्हं देवनागरी होती, पस्तीस प्रश्नचिन्हं आली. पाच मिनिटांत आत्याचा फोन. "आरं, हे काय धाडलंयस? पानी किती हाय ते सांग की." तिला वाटलं मीच तिला काहीतरी विचारतोय.

झालं होतं ते असं. स्प्रिंगमध्ये स्ट्रिंगला बाइटांत बदलणारा जो भाग आहे, त्याला कॅरसेट, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा हे ठरवणारा संच, सांगितला नाही तर तो मुळात आयएसओ-८८५९-१ धरून चालतो. हा पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा संच, २५६ खणांचा. त्यात फ्रेंचमधल्या खुणेच्या अक्षराला जागा आहे, 'प'ला नाही. जागा नसलेलं अक्षर आलं की जावा तिथं प्रश्नचिन्ह ठेवते आणि पुढं जाते. चूक दाखवत नाही, थांबत नाही. स्प्रिंग बूटच्या नव्या मांडणीत यूटीएफ-८, ज्यात देवनागरीही बसते, आधीच लावून ठेवलेलं असतं, म्हणून आजच्या पोरांना हे दिसत नाही. आमचा प्रकल्प जुना होता, आणि तो संच गृहीत धरण्यामागं कारणही जुनंच होतं: ब्राउझर आणि सर्व्हरनं एकमेकांशी कसं बोलायचं ते सांगणाऱ्या, १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या दस्तऐवजात लिहिलेलं होतं की मजकुराचा कॅरसेट सांगितला नसेल तर आयएसओ-८८५९-१ समजावा. हा नियम २०१४ मध्ये काढला गेला. जुन्या कोडात तो जिवंत होता.

उपाय एका ओळीचा. मेथडवर लिहायचं की हे उत्तर 'टेक्स्ट/प्लेन', म्हणजे साधा मजकूर, प्रकारचं आहे आणि 'कॅरसेट' यूटीएफ-८ आहे. लिहिलं. अक्षरं आली. त्याच नादात मी आणखी एक चूक केली. आतेभावाच्या स्क्रिप्टला उत्तराची लांबी आधी कळायला हवी होती, म्हणून मी हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या आधी जाणाऱ्या माहितीत, ती हातानं भरली: ४८. मघाशी मोजलेलीच होती ना. पण ती लांबी अक्षरांत नव्हे, बाइटांत द्यायची असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पस्तीस चिन्हांचे १०५ आणि तेरा फटी-विरामांचे १३, मिळून ११८. सर्व्हरनं माझं ऐकलं, ४८ बाइट पाठवले आणि दार लावलं. पोचलं ते 'आयर्विन पूल: ३६ फू' आणि पुढं एक तुटलेला चौकोन. 'ट'चे तीनपैकी दोनच बाइट गेले होते. सहा इंच गेले, वेळ गेली, चढतंय की उतरतंय तेही गेलं. ही चूक मला लगेच सापडली, चाचणीतच. ती बाहेर गेली नाही. ती लांबी फ्रेमवर्कला स्वतःला मोजू द्यावी, एवढंच.

जी बाहेर गेली तिचं अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी वरच्या पुलांचेही आकडे मागितले. ते बरोबरच होतं. बहे, ताकारी, भिलवडी इथं पाणी काय करतंय ते कळलं की सांगलीला पुढं काय होणार याचा अंदाज येतो. अंकली हवं, कारण ते हरिपूरच्या खालच्या अंगाला. मी दुसरा पत्ता उघडला, स्मार्टफोन असलेल्यांनी ब्राउझरमध्ये बघावा म्हणून. एका ओळीत एक पूल, आधी फूट, मग नाव. हा दुसरा पत्ता स्प्रिंगमध्ये नव्हता. रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणून दुसऱ्या एका सर्व्हरवर पायथनमध्ये, फ्लास्क वापरून, चार ओळींत लिहिला. फ्लास्क स्ट्रिंगला टेम्प्लेटचं नाव समजत नाही, यूटीएफ-८ही आपणहून लावतं. माझ्या टर्मिनलमध्ये ओळी अशा सुरेख एकाखाली एक दिसल्या:

१४ बहे
४३ भिलवडी
३९ आयर्विन
४२ अंकली

मी झोपलो. पण फ्लास्क नुसत्या स्ट्रिंगवर प्रकाराची चिठ्ठी लावतं 'टेक्स्ट/एचटीएमएल', म्हणजे हे वेबपान आहे. आणि एचटीएमएलमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणजे नुसती एक फट. टर्मिनलला चिठ्ठीशी देणंघेणं नसतं, ते आहे तसं छापतं. ब्राउझर चिठ्ठी वाचतो. आत्याच्या नातीच्या फोनवर रात्री अडीचला दिसलं ते हे: १४ बहे ४३ भिलवडी ३९ आयर्विन ४२ अंकली. सलग, एका दमात. झोपेतून उठलेल्या माणसानं ते कसं वाचावं? नातीनं मोठ्यानं वाचलं: "भिलवडी ३९, आयर्विन ४२." आत्या उठली. पुलाला ४२ म्हणजे गोठ्यात पाणी. अंधारात, पावसात, ती आणि सून मिळून तीन म्हशी आणि एक रेडकू घेऊन वरच्या रस्त्याला गेल्या. सकाळी सहाला मला कळलं. पाणी तेव्हा ४० लाही लागलं नव्हतं.

"म्हशी काय, दुसऱ्या दिवशी हलवायच्याच हुत्या," असं ती म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. त्या आठवड्यात पुलाला ५४ च्या वर पाणी गेलं, तेव्हा म्हशी हलवणं चुकलं नसतंच. पण बासष्ट वर्षांची बाई निसरड्या चढावरून मध्यरात्री जनावरं ओढत गेली, ते माझ्या एका न लिहिलेल्या शब्दामुळं. 'हे साधा मजकूर आहे' एवढं मी सांगायला हवं होतं.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. जे जे फ्रेमवर्क हातात आलं त्यात पहिल्यांदा बघितलं: कंट्रोलरनं नुसती स्ट्रिंग दिली तर चिठ्ठी कुठली लागते? जँगो, स्ट्रिंग 'एचटीटीपीरिस्पॉन्स'मध्ये घालून दिली तर: एचटीएमएल. लाराव्हेल: एचटीएमएल. एक्सप्रेस: एचटीएमएल. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये मात्र ॲक्शननं स्ट्रिंग दिली की 'टेक्स्ट/प्लेन' लागतं, ते मला आवडलं. रेल्सची गोष्ट सगळ्यांत शिकवणारी आहे. त्यात 'रेंडर टेक्स्ट' असं होतं, नाव 'टेक्स्ट', पण चिठ्ठी लागायची एचटीएमएलची. नावावर विश्वास ठेवून कुणी वापरकर्त्यानं टाइप केलेला मजकूर तसाच परत पाठवला आणि त्यात कुणी स्क्रिप्टचा टॅग घातलेला असला, तर ब्राउझर तो चालवून मोकळा. मजकूर म्हणून पाठवलेली गोष्ट प्रोग्राम बनते. म्हणून ४.१ मध्ये त्यांनी 'रेंडर प्लेन' आणलं, आणि २०१७ च्या ५.१ मधून 'रेंडर टेक्स्ट' काढूनच टाकलं. जगभरच्या लोकांचे जुने प्रोग्राम मोडणार हे माहीत असून. मला हे धाडस योग्य वाटतं. खोटं नाव वर्षानुवर्षं चालू ठेवण्यापेक्षा एकदा मोडलेलं बरं.

उलट बाजूनंही फसगत होते. चिठ्ठी बरोबर असली तरी काही ब्राउझर मजकुरात डोकावून 'हे तर एचटीएमएल दिसतंय' असं स्वतःच ठरवायचे. इंटरनेट एक्स्प्लोरर यात पुढं होता, आणि त्यालाच आवर घालायला त्याच्या आठव्या आवृत्तीत 'नोस्निफ' नावाचं हेडर आलं: वास घेऊ नको, सांगितलंय ते मान. मी आता ते दर वेळी लावतो. एक्स्प्लोरर गेला, हेडर कामाचं आहे.

हे सगळं सांगितलं की तरुण सहकारी म्हणतात, जेसन का देत नाही? जेसन म्हणजे माहितीची कंसांत बांधलेली मांडणी. प्रोग्रामला जेसन सोपं, हे मान्य, आणि आमच्या त्या सर्व्हरवर जेसनचा पत्ताही पुढं उघडला. पण आत्याला महिरपी कंसात उत्तर देता येत नाही. आतेभावाची स्क्रिप्ट दहा ओळींची आहे. आलं ते पाठवलं, बस. मध्ये काही उलगडायचं नाही, म्हणून मध्ये काही मोडायचं नाही. सर्व्हर जिवंत आहे का हे तपासणाऱ्या पत्त्यावर जगभर 'ओके' एवढंच उत्तर असतं, ते याच कारणानं. शोधयंत्रांना 'इथं येऊ नका' सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईल १९९४ पासून साधा मजकूर आहे, आणि २०२२ मध्ये तिचा रीतसर नियम लिहिला गेला तेव्हाही ती यूटीएफ-८ मधला साधा मजकूरच ठेवली. अठ्ठावीस वर्षं.

साध्या मजकुराला स्वतःचं अंग झाकायला काही नसतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. एचटीएमएलच्या पानात कॅरसेट आतही लिहिता येतो, शीर्षक असतं, कुठल्या तारखेचं ते कुठंतरी दिसतं. आमच्या ओळीला यातलं काहीच नाही. जे सांगायचं ते एकतर ओळीत, नाहीतर हेडरांत. म्हणून 'सकाळी ७' हे ओळीतच हवं. म्हणून 'नो-स्टोअर', म्हणजे साठवू नको, असं हेडर लावायचं, नाहीतर वाटेतली कुठलीतरी साठवण सकाळचा आकडा संध्याकाळी देते आणि तो आकडा ताज्यासारखाच दिसतो. आणि आकडा आलेलाच नसेल तर २०० च्या, म्हणजे 'सगळं ठीक'च्या, खुणेनं 'माहिती नाही' असं पाठवायचं नाही. ५०३, म्हणजे 'सध्या सेवा नाही', पाठवायचं. स्क्रिप्ट शब्द वाचत नाही, ती खूण बघते. २०० दिसला की 'माहिती नाही' पस्तीस घरी जातं, आणि पुराच्या रात्री त्या दोन शब्दांनी काय होतं ते मी बघितलंय.

तो पत्ता अजून चालू आहे. दर मेअखेरीला मी आणि आतेभाऊ बसून सगळं तपासतो. उत्तर आधी हेडरांसकट छापून बघतो, मग बाइट मोजतो, मग वेगवेगळ्या प्रकारच्या फोनवर. गेल्या खेपेला आत्या शेजारी शेवया मोडत बसली होती. चाचणीचा संदेश तिच्या फोनवर वाजला. तिनं चष्मा लावून वाचला: आकडा, वेळ, आणि शेवटी 'पाणी स्थिर.' अधिकृत पत्रकात तोच शब्द असतो म्हणून मी तो घेतला होता.

"स्थिर म्हंजे?" तिनं विचारलं.

"चढत नाही, उतरत नाही. आहे तिथंच आहे."

"मग 'थांबलंय' लिव की. आमी थांबलंयच म्हंतो."

मी मोजलं. 'स्थिर' पाच, 'थांबलंय' सात. दोन जागा वाढल्या, सत्तरच्या आतच. तिथंच, तिच्या ओट्यावर बसून तो शब्द बदलला आणि सर्व्हरवर चढवला. आतेभावानं पुन्हा संदेश सोडला. या खेपेला तिनं वाचला आणि काही न बोलता फोन उलटा ठेवून शेवया हातात घेतल्या.